जांभा : एक नाव, अनेक कसोट्या

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यात जांभा कोणाला शिकवावा लागत नाही. घराचे जोते जांभ्याचे, विहिरीची बांधणी जांभ्याची, परसाभोवतीचा गडगा जांभ्याचा आणि वाडीतून देवळाकडे जाणारी पाखाडीही जांभ्याचीच. देवरुखाहून पूर्वेला मारळच्या मार्लेश्वराकडे निघालो की सह्याद्रीचा काळा बेसाल्ट समोर उभा राहतो. पश्चिमेला रत्नागिरीकडे उतरू लागलो की रस्त्याच्या कडेची खोदाई तांबडी, पिवळी, जांभळट होत जाते. काळ्या आणि तांबड्या दगडांच्या मधल्या या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला दोन्ही दगड लहानपणापासून हाताखालचे असतात.

हाच जांभा ‘लॅटराइट’ हे शास्त्रीय नाव घेऊन पुस्तकांत शिरला, की मात्र त्याची ओळख पटवणे सोपे राहत नाही. भूशास्त्रज्ञ ज्याला लॅटराइट म्हणतो, त्यातल्या बऱ्याचशा भागाला मृदाशास्त्रज्ञ त्या नावाने ओळखत नाही. अभियंत्याचे लॅटराइट पोत आणि ताकद पाहून ठरते, खाणकामातले ॲल्युमिनाची टक्केवारी पाहून. वनस्पतिशास्त्रज्ञाला त्यात एक अधिवास दिसतो, पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला कोरीव पृष्ठभाग. सातबाऱ्यावर तर त्याचे नावही येत नाही. तिथे असते फक्त ‘पोटखराबा’. दगड एकच असला तरी प्रत्येक दफ्तरात त्याची नोंद निराळी आहे.

पुढच्या प्रकरणांत या निरनिराळ्या शाखांतला जांभा सविस्तर आला आहे. त्यांच्याकडे वळण्याआधी नाव कसे पडले, व्याख्या कशा फुटत गेल्या आणि त्या एकमेकींशी कुठे अडतात, हे एका जागी मांडावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : या संज्ञेचा प्रत्येक अर्थ कोणत्या तरी खऱ्या कामाच्या गरजेतून जन्मला आहे, म्हणून त्यांतला एकही खोटा नाही; पण एका कामासाठी केलेली व्याख्या दुसऱ्या कामाचा निर्णय घ्यायला वापरली, की नुकसान ठरलेले. कोकणात आज ते होते आहे, म्हणून हा विषय केवळ परिभाषेचा उरलेला नाही.

नावापासून सुरुवात करू. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले. त्या मुलखात काय पिकते, काय निघते, लोक कसे राहतात याची पाहणी करण्यासाठी कंपनीने फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरला पाठवले. १८०० आणि १८०१ मध्ये तो मद्रासहून म्हैसूर, मलबार आणि कानडा या प्रदेशांत हिंडला. आजच्या केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात अंगाडिपुरम येथे त्याने एक दगड पाहिला. त्यात थर दिसत नव्हते, अंगभर पोकळ्या होत्या आणि त्यांत तांबडी-पिवळी गेरू भरलेली होती. जमिनीखाली असेपर्यंत हा दगड इतका मऊ, की लोखंडी हत्याराने सहज कापावा; उघड्यावर काढून ठेवला की थोड्याच काळात विटेसारखा कठीण. तिथले लोक त्याचे चौकोनी ठोकळे पाडून घरे बांधत. लॅटिन भाषेत विटेला जो शब्द आहे त्यावरून बुकॅननने ‘लॅटराइट’ हे नाव सुचवले. त्याचा प्रवासवृत्तांत १८०७ मध्ये लंडनला तीन खंडांत छापला गेला आणि नाव जगभर गेले. अंगाडिपुरमला १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या घटनेचे स्मारक उभारले. त्याच वर्षी डिसेंबरात त्रिवेंद्रमला लॅटराइट कसा घडतो या एकाच विषयावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. नाव पडून पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी व्याख्येवर एकमत नव्हतेच.

बुकॅननच्या वर्णनात रसायनशास्त्र जवळजवळ नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दगडाचे रूप, त्याच्या पोकळ्या आणि हवेवर कठीण होण्याचा गुण, एवढ्यावर त्याने नाव दिले. म्हणजे जगाच्या विज्ञानात रुजलेल्या या संज्ञेचा पाया चिरे काढणाऱ्या कामगाराच्या अनुभवावर घातलेला आहे. पुढचे सगळे वाद इथून फुटतात. रूप, घटक की वागणूक, कशाला प्रमाण मानायचे?

वादाकडे जाण्यापूर्वी दगड जवळून पाहू. एखाद्या चालू चिरेखाणीत उभे राहिले, तर समोरच्या कापलेल्या भिंतीत जांभ्याची सगळी हकिगत उभी मांडलेली दिसते. सर्वांत वर काळपट तांबडे, टणक कवच. त्यावर शेवाळ आणि दगडफुलाचे डाग, त्यात वाकड्यातिकड्या नळ्यांचे जाळे. हात दीड हात खाली रंग उजळतो. तांबड्या सांगाड्यात पिवळे आणि पांढुरके डाग उमटतात, दगड ओलसर व मऊ होतो. चिरा काढतात तो याच थरातून. त्याखाली कठीणपणा सरत जातो आणि गुलाबी, जांभळट, पांढरी, हाताला गुळगुळीत लागणारी चिकणमाती लागते. तिच्याखाली अर्धवट कुजलेला खडक. त्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सोलले जाणारे गोलसर धोंडे असतात आणि त्यांच्या पोटात अजून काळा बेसाल्ट शिल्लक असतो. खालून वर पाहत गेले, की काळ्या पत्थराचा जांभा होताना डोळ्यांदेखत दिसतो.

नुकताच कापलेला एक चिरा उचलून पाहावा. नळ्यांत पिवळी-पांढरी माती घट्ट बसलेली असते, नखाने उकरता येते. असा चिरा पाऊस-उन्हात ठेवला की ती माती धुऊन जाते, भोके मोकळी होतात आणि उरलेला लोहाचा सांगाडा आवळून कडक होतो. चिरा जुना होतो तसा काळवंडतो. जुन्या घराच्या भिंतीत वापरलेला आणि आज खाणीतून निघालेला, असे दोन चिरे शेजारी ठेवले तर ते एका खाणीतले आहेत यावर नवख्याचा विश्वास बसणार नाही.

हे घडते कसे? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले आणि त्यांचा बेसाल्ट झाला. बेसाल्टमध्ये जवळजवळ निम्मा भाग सिलिका असते. बाकी ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांची संयुगे. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हे पाणी किंचित आम्लधर्मी होते व खडकात मुरते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आधी विरघळून जातात, मागोमाग हळूहळू सिलिकाही जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र सहज विरघळत नाहीत, म्हणून तेच मागे राहतात. गोथाइट, हेमाटाइट, गिब्साइट आणि केओलिनाइट ही जांभ्यातली मुख्य खनिजे अशी तयार होतात. पिवळा रंग गोथाइटचा, तांबडा हेमाटाइटचा.

पावसाबरोबर कोरड्या महिन्यांचाही यात मोठा वाटा आहे. भूजलाची पातळी वर येते तेव्हा प्राणवायू कमी पडतो आणि लोह विरघळून हलते. पातळी खाली गेली, हवा शिरली, की ते पुन्हा ऑक्साइड होऊन जागच्या जागी धरते. दरवर्षी वर-खाली होणाऱ्या या पाण्याने लाखो वर्षे लोह विणत नेले आणि तो जाळीदार सांगाडा उभा राहिला. आठ महिने कोरडे आणि चार महिने धो धो, हा आपला ऋतुक्रमच जांभ्याचा कारागीर आहे.

हे उत्तर एका फटक्यात मिळाले नाही. एकोणिसाव्या शतकात काहींना जांभा ज्वालामुखीतून आलेला वाटला, काहींना पाण्याने वाहून आणून टाकलेला गाळ. पायाखालचा खडक जागीच कुजून जांभा होतो, हा विचार हळूहळू स्थिरावला. तरीही गाळाचा मुद्दा अगदीच निकालात निघाला नाही, कारण तुटलेल्या जांभ्याचे तुकडे उताराला साचून पुन्हा लोहाने सांधले जातात आणि त्यांचाही दगड होतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचा, म्हणजे पाचगणी, महाबळेश्वर, कास इथला जांभा आणि कोकणातल्या सड्यांचा, म्हणजे उघड्या कातळपठारांचा, कमी उंचीवरचा जांभा, असे दोन गट भूशास्त्रज्ञ मानतात. माथ्यावरचा जुना, सड्यावरचा त्यामानाने अलीकडचा. भूशास्त्राचे लॅटराइट हे असे इतिहासाचे साधन आहे. त्यावरून जुने हवामान, जुनी भूपृष्ठे आणि किनारपट्टीचे उंचावणे वाचता येते. उत्तर आयर्लंडमध्ये अँट्रिमच्या बेसाल्ट थरांमध्ये लॅटराइटचा तांबडा पट्टा सापडतो. आज थंड असलेल्या त्या भूमीवर एके काळी उबदार, ओले हवामान होते, याची साक्ष त्या पट्ट्याने दिली.

पुढे रसायनशास्त्र आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेशेल्स बेटांवरच्या लॅटराइटचे पृथक्करण करून माक्स बाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे बॉक्साइटशी साम्य दाखवले. तेव्हापासून मोकळे ॲल्युमिना असणे हीच खऱ्या लॅटराइटची खूण, असे म्हणणारा पक्ष बळावला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फर्मर यांनी १९११ मध्ये ‘लॅटराइट म्हणजे काय’ असा सरळ प्रश्नच लेखाच्या मथळ्यात घातला आणि घटकांच्या प्रमाणावरून वर्गवारी सुचवली. १९२७ मध्ये सिएरा लिओनमध्ये काम करणाऱ्या मार्टिन आणि डॉइन यांनी आकडाच ठरवून दिला : सिलिका आणि ॲल्युमिनाचे गुणोत्तर १.३३ पेक्षा कमी असेल तर लॅटराइट, १.३३ ते २ असेल तर लॅटराइटसदृश, त्यापुढे काहीच नाही. प्रयोगशाळेला ही कसोटी सोयीची होती. पण तिचा परिणाम पाहा. हवेवर कठीण होणारा, भिंतीत शतकभर टिकणारा एखादा चिरा केवळ त्याच्या पोकळ्यांत केओलिनाइट जास्त म्हणून लॅटराइट ठरेना. आणि बोटांनी चुरगळणारी, कधीही कठीण न होणारी एखादी माती मात्र आकड्यात बसली म्हणून लॅटराइट ठरली. बुकॅननने ज्या गुणावरून नाव दिले, तो गुणच व्याख्येतून गळाला.

हे सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, काम केलेल्या रॉबर्ट पेंडलटन या मृदाशास्त्रज्ञाला मान्य नव्हते. लॅटराइट हे नाव कठीण झालेल्या किंवा उघडे पडल्यावर कठीण होऊ शकणाऱ्या पदार्थापुरतेच ठेवा, असा त्याचा आग्रह होता. उष्ण प्रदेशातल्या सरसकट प्रत्येक तांबड्या मातीला लॅटराइट म्हणण्याची सवय तोवर इतकी पसरली होती, की मृदाशास्त्रज्ञांनी अखेर नावच बदलले. १९४९ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलॉग यांनी ‘लॅटोसोल’ सुचवले. नंतरच्या अमेरिकी मृदावर्गीकरणात ‘ऑक्सिसोल’ हा गण आला; आणि पुन्हा पुन्हा ओले-सुके झाल्यावर कायमचा कठीण होणाऱ्या लोहयुक्त थराला ‘प्लिंथाइट’ म्हटले गेले. हे नाव ग्रीकमधल्या विटेवरून. नवी परिभाषा घडवतानाही चिऱ्याचाच गुण हाताशी धरावा लागला.

आपल्याकडे मात्र शाळेच्या नकाशात ‘जांभी मृदा’ हा एकच रंग कोकणावर पसरलेला असतो. मुलांना तो पाठ असतो, पण गावची जमीन त्या रंगाने उलगडत नाही. सड्यावर माती जवळजवळ नसतेच. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी होते. खालच्या सपाटीतल्या भातशेतीची माती वेगळ्या घडणीची, पाण्याने वाहून आणलेली असते. जांभ्यापासून झालेल्या मातीत आम्लता जास्त असते आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे घातलेले स्फुरद घट्ट धरून ठेवतात, ते पिकाला सहज मिळत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने जांभी मातीचा अर्थ हा आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या संशोधनात या मातीचे प्रश्न सतत राहिले आहेत. कातळ फोडून, खड्डा करून, बाहेरून माती आणून भरून त्यात हापूसची कलमे लावण्याची कोकणी रीत या अर्थाला दिलेले उत्तर आहे. जिथे माती नाही तिथे ती टोपल्यांनी नेऊन घातली आणि कातळावर बाग उभी केली. ही मेहनत कोणत्याही मृदानकाशात दिसत नाही.

बांधकामाची कसोटी आणखी निराळी. बांधकामाच्या जांभ्यासाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक ३६२०. चिऱ्याने किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतका दाब सोसला पाहिजे आणि वजनाच्या १२ टक्क्यांहून अधिक पाणी शोषता कामा नये, असे ते सांगते. हेमाटाइट किती आणि गिब्साइट किती, याच्याशी गवंड्याला कर्तव्य नसते. तो चिरा ठोकून आवाज ऐकतो, मातीचे डाग किती मोठे आहेत ते पाहतो आणि कोणती बाजू दर्शनी ठेवायची ते ठरवतो. आता कापणी यंत्राने होते. धारदार कडांचे एकसारखे चिरे भराभर निघतात, पण भिंतीत कोणता घालायचा ही निवड अजूनही डोळ्यांनीच करावी लागते.

रस्त्याच्या कामातला अर्थ याहून सैल आहे. आफ्रिकेतल्या अनेक देशांत खडीसारखी वापरण्याजोगी कोणतीही तांबडी, गोटेदार माती लॅटराइट म्हणून रस्त्यावर पडते. या मातीची एक खोड प्रयोगशाळांना सांभाळावी लागते. नमुना भट्टीत वाळवून तपासला तर एक उत्तर येते, नैसर्गिक ओलाव्यात तपासला तर दुसरे, कारण वाळताना तिच्यात कायमचा बदल होतो. अंगाडिपुरमला दिसलेला गुण इथे चाचणीच्या तक्त्यात अडचण होऊन बसतो.

वरचे कवच एवढाच अर्थ धरून चालले तर काय होते, ते कोकण रेल्वेने अनुभवले. रत्नागिरीजवळच्या पोमेंडीच्या खोल खोदाईत पावसाळ्यामागून पावसाळे दरडी आणि चिखल रुळांवर येत राहिला. असल्या खोदाईत वरचा दगड भक्कम असला तरी खालची चिकणमाती पाण्याने फुगते, सरकते आणि वरचे कवच घेऊन खाली येते. गावोगावच्या रस्तारुंदीकरणात, घरामागची टेकडी उभी कापताना हेच लक्षात घ्यायला हवे. चिऱ्याची ताकद ही त्या थराची ताकद, टेकडीची नव्हे.

जतनाच्या कामात तर एकाच इमारतीत दोन अर्थ भांडतात. जुन्या गोव्यातली बॉम जेझू बॅसिलिका १६०५ मध्ये वापरात आली. तिच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यात तो काढून टाकला गेला आणि तांबडा दगड उघडा पडला. लोकांना हेच रूप आवडू लागले, ओळखीचे झाले. पण सच्छिद्र दगड दर पावसाळ्यात पाणी पितो, झिजतो. सौंदर्याच्या दृष्टीने उघडा जांभा आणि पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने संरक्षण मागणारा जांभा, यांतून कोणाचे ऐकायचे हा तिथे खरोखरीचा प्रश्न आहे.

खाणकामाच्या कायद्यात संज्ञेला पैशाची किंमत येते. ॲल्युमिना भरपूर असेल तर तो दगड बॉक्साइट, म्हणजे प्रमुख खनिज. नसेल तर लॅटराइट. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ३१ खनिजे गौण ठरवली, त्यांत लॅटराइट आहे. प्रमुख आणि गौण यांचे परवाने वेगळे, स्वामित्वधन वेगळे, अधिकारी वेगळे. जमिनीत मात्र या दोघांमध्ये कुंपण नसते. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइट आणि जांभा एकमेकांत मिसळत जातात. रेषा ओढते ती प्रयोगशाळेतली टक्केवारी. कारखान्यांच्या आधी सह्याद्रीतले धावड याच दगडातले लोहाने जड झालेले गोटे वेचून भट्टीत लोखंड गाळत. त्यांची कसोटी हातात घेतलेल्या गोट्याचे वजन ही होती.

आता सड्याकडे येऊ. मे महिन्यात सडा पाहणाऱ्याला काळा, तापलेला, उघडा कातळ दिसतो. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की त्याच कातळाच्या बोटभर खोल खळग्यांत पाणी साचते, फटींतल्या चिमूटभर मातीत कोंब फुटतात आणि श्रावण-भाद्रपदात सडा फुलांनी भरतो. पांढऱ्या गोळ्यांचे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवे, पानांवर चिकट थेंब धरून कीटक पकडणारी दवबिंदू. सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती आहेत. नत्र आणि स्फुरद जिथे नावालाच आहे, तिथे त्यांनी अन्नाचा दुसरा मार्ग शोधला. कोकणी दीपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरच सापडते. ‘ग्लायफोक्लोआ’ या गवताच्या प्रजातीतल्या जाती पश्चिम घाट आणि कोकणाच्या अशाच पठारांशी बांधलेल्या आहेत. परिस्थितिकीच्या अभ्यासकाला जांभा म्हणजे कमी माती, टोकाचा ओलावा, टोकाचा कोरडेपणा आणि या अटींवर जगणारी खास सृष्टी. त्याच्या लेखी कातळावर भराव टाकून हिरवळ करणे म्हणजे अधिवास पुसणे. कासचे पठार पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपल्या सड्यांकडे ती नजर अजून पुरती वळलेली नाही.

पुरातत्त्वाचा अर्थ याच कातळावर कोरलेला आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांच्या शोधमोहिमांनी गेल्या काही वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातली कातळशिल्पे जगापुढे आणली. आज हजाराहून अधिक शिल्पे नोंदली गेली आहेत. कशेळीचा आणि उक्षीचा हत्ती, देवीहसोळ आणि बारसूच्या आकृती, जांभरुण, रुंढे तळी, देवाचे गोठणे. रत्नागिरीतली ही सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसईमळ अशी नऊ स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. यांतली जुनी शिल्पे मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात, असे अभ्यासक मानतात. ती कोरली गेली आणि टिकली, या दोन्हींना जांभ्याची घडण कारण आहे. कवच सपाट आणि मोठे, कोरता येण्याइतके नरम आणि उघडे राहून ऊन-पाऊस सोसण्याइतके घट्ट. देवाचे गोठणेच्या सड्यावर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. दगडातल्या लोहाचे हे काम आपल्या डोळ्यांनी पाहायला लोक मुद्दाम तिथे जातात.

पाण्याच्या अभ्यासकाचा जांभा हा मोठा स्पंज आहे, पण तळाशी चिकणमाती आणि कडांना गळती असलेला. पाऊस सड्यात मुरतो, चिकणमातीपर्यंत जाऊन आडवा वळतो आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. वाड्या त्या झऱ्यांजवळ वसल्या. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचा तळ का दिसतो, याचे उत्तरही इथेच आहे : या दगडात पाणी जितक्या लवकर शिरते तितक्याच लवकर निघून जाते. वरचा सडा खणून काढला, की खालच्या वाडीचा झरा आटण्याचा धोका असतो. चिरेखाणीचा परवाना दगडाचे घनमीटर मोजतो. झऱ्याचे पाणी त्या हिशेबात येत नाही.

हे सगळे अर्थ एका जागी आणले, की अडचण दिसू लागते. महसुलाच्या भाषेत सडा पोटखराबा, म्हणजे पीक येत नाही अशी जमीन. शेतसारा आकारण्यासाठी ही नोंद होती आणि त्या कामापुरती ती बरोबरच आहे. पीक येत नाही त्यावर सारा कसला? पण हीच नोंद पुढे विकासाच्या आराखड्यात ‘पडीक’ म्हणून वाचली जाते, आणि पडीक म्हणजे रिकामी, रिकामी म्हणजे कोणत्याही कामाला मोकळी, अशी पायरीपायरीने समजूत होत जाते. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षणाचे काम सुरू झाले तेव्हा हे उघडपणे समोर आले. भू-तांत्रिक चाचणीला तिथे पायाची क्षमता दिसत होती, पुरातत्त्वाला शिल्पे, शेतकऱ्याला गुरांचे रान आणि कलमांच्या बागा, वनस्पतिशास्त्रज्ञाला पावसाळी सृष्टी. प्रकल्प असावा की नसावा हा वाद मी इथे चालवत नाही. पण एकाच कातळाबद्दल बोलताना प्रत्येक जण वेगळ्या व्याख्येने बोलत असेल आणि निर्णय मात्र एकाच व्याख्येवर होत असेल, तर तो निर्णय अपुऱ्या माहितीवरचा आहे, एवढे ठामपणे म्हणायला हवे.

यावर सर्वांनी मिळून लॅटराइटची एकच व्याख्या ठरवावी असे सुचवणारे आहेत. दोनशे वर्षांत ते जमलेले नाही आणि मला ते इष्टही वाटत नाही. गुणोत्तराच्या आकड्याशिवाय खनिजशास्त्रज्ञाचे चालणार नाही, दाबाच्या आकड्याशिवाय अभियंत्याचे. गरज आहे ती प्रत्येक अहवालाने पहिल्याच पानावर आपली कसोटी सांगण्याची. ‘लॅटराइट’ हा शब्द रूपावरून वापरला, घटकांवरून, कठीण होण्याच्या गुणावरून की सातबाऱ्यावरून? एवढे लिहिले तरी निम्मे गैरसमज मिटतील. विद्यार्थ्यांनीही पुढची प्रकरणे याच प्रश्नासह वाचावीत. भूशास्त्राच्या प्रकरणातले विधान बांधकामाच्या प्रकरणाला लावून पाहावे आणि ते कुठे टिकते, कुठे मोडते याची टिपणे काढावीत. मराठीत ‘जांभा’ नावाचा वृक्षही आहे, तेव्हा वनस्पतींवरचे जुने लेखन वाचताना तेवढेही ध्यानात असावे.

गावाच्या हाती याहून मोठे काम आहे. जैवविविधता कायदा २००२ मधला आहे आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक पंचायतीने या नोंदवहीत आपल्या सड्याला स्वतंत्र पाने द्यावीत. कवच किती जाड, कुठे फुटलेले. पावसात कुठे पाणी साचते आणि कोणत्या महिन्यापर्यंत टिकते. कोणता झरा कोणत्या सड्याखालून निघतो. कुठली फुले कधी येतात. चिरेखाणी कुठे चालू आणि कुठे बंद. कोरीव खुणा, जुन्या पाखाड्या, देवस्थाने कुठे आहेत. गुरे राखणारे, चिरे काढणारे, विहिरी खणणारे आणि कलमे लावणारे यांना यातले बहुतेक आजच ठाऊक आहे. महाविद्यालयांतल्या भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते लिहून घ्यावे, नकाशावर उतरवावे, नमुने तपासावेत. असे दप्तर तयार असेल तर उद्या सड्यावर खाण, रस्ता, बाग किंवा कारखाना, काहीही आले तरी ग्रामसभेला ‘पोटखराबा’ या एका शब्दावर बोलावे लागणार नाही. जांभ्याचे सगळे अर्थ समोर ठेवून ती आपला ठराव करू शकेल. पुढच्या पानांचा उपयोग त्या नोंदी करताना झाला, तर या लेखनाचे काम झाले असे मी समजेन.

देवरूख, जि. रत्नागिरी